स्वप्नांची वही, आपल्या बोलीत

आमची आजी सकाळी चुलीपुढे बसली की राख बाजूला सारता सारता आधी एकच गोष्ट विचारायची, "रातले काय सपन पडनं रे भाऊ?" आठवलं तर सांगायचं, नाहीतर "काहीच नही" म्हणून दात घासायला पळायचं. सांगितलं की ती पूर्ण ऐकून घ्यायची. निकाल बहुतेक वेळा ठरलेला: "मनमा जे ऱ्हास, तेच सपनमा दिखस." मनी वसे ते स्वप्नी दिसे, हेच तिच्या अहिराणीत, म्हणजे आमच्या खानदेशातल्या बोलीत.

वही ठेवायला मात्र मी आजीमुळे लागलो नाही, लाईटमुळे लागलो. चोपडा तालुक्यात तापीकाठी आमची केळी आणि कापूस. थ्री-फेज लाईट आठवड्यातले काही दिवस रात्रीची असते. मग बारा-साडेबाराला उठायचं, मळ्यात जायचं, मोटार सुरू करायची, ठिबकचे वॉल्व फिरवायचे आणि परत येऊन आडवं व्हायचं. ज्या आठवड्यात रात्रीची लाईट, त्या आठवड्यात मला स्वप्नं ढीगभर आठवत. दिवसाची लाईट आली की सगळं कोरं. हे काय गौडबंगाल म्हणून एका जुन्या वहीत लिहायला लागलो. आठ वर्षं झाली, चौथी वही चालू आहे. ज्याला आज सुरुवात करायची आहे त्याला उपयोगी पडेल तेवढं इथे मांडतो.

आधी झोपेचं थोडं गणित

झोप फेऱ्यांनी चालते. एक फेरी साधारण दीड तासाची, रात्रीत अशा चार-पाच. फेरीच्या शेवटी एक टप्पा येतो. त्यात बंद पापण्यांखाली बुबुळं भराभर हलतात, मेंदू जवळजवळ जागेपणीइतकाच चालू असतो आणि हातापायांचे स्नायू मात्र सैल पडलेले असतात. शिकागो विद्यापीठातल्या युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी १९५३ साली हा टप्पा जगापुढे मांडला. त्याला रेम झोप म्हणतात. गोष्टीसारखी लांबलचक स्वप्नं मुख्यतः यातच पडतात. बाकीच्या झोपेतही काहीबाही दिसतं, पण ते तुटक असतं. मोठ्या माणसाच्या झोपेचा साधारण पाचवा ते चौथा हिस्सा रेमचा.

रात्रीच्या सुरुवातीला हा टप्पा जेमतेम पाच-दहा मिनिटांचा असतो, पहाटेकडे तो अर्ध्या तासापर्यंत लांबतो. पहाटेचं स्वप्न खरं होतं असं आपण म्हणतो ना, ते यातूनच आलं असावं असा माझा कयास आहे. पहाटेचं स्वप्न लांब असतं, ठसठशीत असतं आणि त्यातूनच जाग येते म्हणून लक्षात राहतं. विसरलेलं स्वप्न खरं झालं की खोटं, कोण सांगणार?

रेममधून माणसाला उठवलं तर तो बहुतेकदा स्वप्न सांगू शकतो. त्यातून न उठता पुढच्या झोपेत गेला की ते पुसलं जातं. मोटारीसाठी उठणारा शेतकरी, तान्ह्या बाळाला घ्यायला उठणारी आई, रात्री दोनदा लघवीला उठणारे आजोबा, यांच्याकडे स्वप्नांचा साठा जास्त असतो तो एवढ्यामुळेच. म्हणून कुणी मुद्दाम गजर लावून मध्यरात्री उठू नका. आम्हाला लाईट उठवते, तुम्हाला कुणी उठवत नसेल तर नशीबवान आहात. सुट्टीच्या दिवशी गजराशिवाय पोटभर झोपा, पहाटेचा शेवटचा टप्पा पुरा होऊ द्या, तेवढ्याने काम भागतं.

मे महिन्यात मात्र फार अपेक्षा ठेवू नका. आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, लोक घराच्या धाब्यावर (मातीच्या सपाट छतावर) नाहीतर गच्चीवर झोपतात, तरी रात्री दोनपर्यंत भिंती तापलेल्या असतात. रेम झोपेत शरीराचं तापमान सांभाळायची यंत्रणा जवळजवळ बंद असते, त्यामुळे उकाड्यात हा टप्पा आधी मोडतो. माझ्या वह्यांत मे महिन्याची पानं तुकड्या-तुकड्यांनी भरलेली आहेत. सुरुवातच करायची तर पावसाळा बरा, थंडी त्याहून बरी.

सामान

शंभर पानी रेघांची वही, शिवलेली. स्पायरलची नको, उशीखाली ठेवली की तार टोचते. लिहायला पेन्सिल, कारण आडवं पडून बॉलपेन उलटं धरलं की दोन ओळींत बंद पडतं. उशाशी लहान बॅटरी.

मोबाईलवर लिहू नका. स्क्रीन उजळली की सुप्रभातचे चार फोटो आणि बाजारभावाचा एक मेसेज समोर येतो आणि स्वप्न तिथल्या तिथे गार होतं. लिहिण्याची सवय नसलेल्यांनी फ्लाइट मोडवर टाकून बोलून ठेवलं तर चालेल. माझ्या सासूबाई तसंच करतात. पुढे दुपारी नातीकडून वहीत उतरवून घेतात आणि नातीला भुईमुगाच्या शेंगा देतात.

वही उघडली की डावं पान दिवसाचं आणि उजवं रात्रीचं, असं पहिल्याच दिवशी ठरवून टाका. ही एक गोष्ट मला दोन वर्षांनी सुचली आणि आधीची दीड वही त्यापायी अर्धवट निकामी झाली.

झोपायच्या आधी

डाव्या पानावर दिवसाच्या तीन ओळी लिहा. फक्त तीन. कोण भेटलं, काय राहून गेलं, काय खुपलं. "कापसाला फवारणी. युरिया संपला. रात्री काकांकडे बैठक." एवढं पुरतं. यात विचार मांडत बसलात तर आठ दिवसांत कंटाळा येईल आणि वही माळ्यावर जाईल.

मग दिवा घालवताना मनाशी म्हणा, उठल्यावर मला स्वप्न आठवणार आहे. ऐकायला बाळबोध वाटतं, पण काम करतं. सकाळी कुणी विचारणारं असेल तर आणखी बरं. आजी सोडून गेल्यावर घरातल्या सगळ्यांची स्वप्नं एकदम बंद झाली, असं आई एकदा म्हणाली होती. बंद झाली नव्हती, विचारणारं कुणी उरलं नव्हतं. घरातल्या एखाद्याला हे काम द्या. लहान मुलं ते फार आवडीने करतात.

दारू घेऊन झोपणाऱ्याला रात्रीच्या पहिल्या भागात रेम कमी मिळते, मग नशा उतरताना पहाटे ती जोर करून येते, तीही विस्कटलेली आणि बऱ्याचदा भीतीदायक. लग्नसराईतल्या नोंदी वाचताना हे ध्यानात ठेवा.

जाग आल्यावर

इथेच सगळं हुकतं, म्हणून जरा थांबून सांगतो.

जाग आली की हलू नका. डोळे उघडू नका. कुशीवर असाल तर त्याच कुशीवर राहा. हात वहीकडे नेऊ नका, अजून नाही. "आज किती वाजले", "दूधवाला आला का" हा पहिला विचार आत आला की स्वप्न मागच्या दाराने निघून जातं. त्याऐवजी फक्त विचारा, मी आत्ता कुठे होतो? बहुतेक वेळा हाती येतं ते स्वप्नाचं शेपूट: शेवटचं दृश्य, एखादा चेहरा, एखादा शब्द. ते धरून मागे मागे जा. त्याच्या आधी काय होतं? त्याच्याही आधी? विहिरीतून बादली ओढावी तसा दोर हळूहळू ओढायचा, झटका द्यायचा नाही.

काहीच सापडलं नाही तर सावकाश दुसऱ्या कुशीवर वळा आणि तिथे अर्धा मिनिट थांबा. माझ्या बाबतीत पाचातल्या एखाद्या वेळी तरी दुसऱ्या कुशीवर काहीतरी हाती लागतं.

मग वही. आधी वाक्यं लिहू नका, चार शब्द लिहा: "काटा, घड, अनवाणी, काका." हे खुंटे ठोकून झाले की मग निवांत सगळं लिहा. उलट केलंत, सुरुवातीपासून सुंदर वाक्यात लिहायला गेलात, तर तिसऱ्या वाक्याला शेवट विसरलेला असतो.

आणि लिहायचं त्याच सकाळी. बेंझिनच्या रेणूचं कडं केकुले या जर्मन शास्त्रज्ञाला डुलकीत दिसलेल्या, स्वतःचीच शेपटी तोंडात धरलेल्या सापावरून सुचलं, ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. त्याने ती रचना मांडली १८६५ मध्ये आणि सापाची गोष्ट जाहीरपणे सांगितली १८९० मध्ये, पंचवीस वर्षांनी. तो खरं बोलत होता की नाही यावर अभ्यासकांत आजही वाद आहे. बिचाऱ्याने त्या वेळी चार ओळी लिहून ठेवल्या असत्या तर वादच उरला नसता.

काही आठवलं नाही त्या दिवशीही उजवं पान सोडू नका. "कोरं" असं लिहा आणि उठताना मन कसं होतं तेवढं टाका: जड, हलकं, चिडचिडं, काही. पहिले आठ-दहा दिवस बहुतेकांचे कोरेच जातात. मग एका सकाळी अर्धी ओळ येते आणि तिथून गाडी लागते.

काय लिहायचं, कोणत्या भाषेत

तारीख, उठल्याची वेळ, स्वप्नाला एक नाव (बाजारात ओळख पटावी असं: "काट्याचं", "उलट्या बैलगाडीचं"), मग स्वप्न आणि शेवटी भावना. भावना विसरू नका. दृश्य हे टरफल आहे, दाणा भावनेत असतो. साप पाहून भीती वाटली की मौज वाटली, यावर सगळं अवलंबून.

जे दिसलं तेच लिहा, जोडकाम करू नका. स्वप्नात काकांचं घर मधेच शाळा झालं असेल तर तसंच लिहा. माणसाची खोड अशी की सांगताना तो गोष्ट सरळ करतो. सरळ केलेलं स्वप्न म्हणजे सोललेलं केळं, टिकत नाही.

आता माझा हट्टाचा मुद्दा. स्वप्न ज्या बोलीत पडलं त्याच बोलीत लिहा. मी सुरुवातीला शाळेतल्या निबंधासारखं लिहायचो, "मी केळीच्या बागेत उभा होतो" वगैरे. दोन वर्षं वही भरली आणि हाताला काही लागलं नाही. मग एका श्रावणात, पहाटे चार चाळीसला, अर्धवट झोपेत हे लिहिलं गेलं:

"मळामा कापणी चालू शे. घड काटावर ठेवा, काटा हालनाच नही. दुसरा ठेवा, तरी नही. सब्बन भाऊबंद दखी राह्यनात, कोनी बोलेना. मना पायमा चप्पल नही. माले लाज वाटनी."

मळ्यात घडांची कापणी चाललीय, मी एकेक घड वजनकाट्यावर ठेवतोय आणि काटा शून्यावरच. सगळे भाऊबंद नुसते बघतायत. मी अनवाणी.

सकाळी चहा घेताना मला वाटलं, केळीचा भाव पडला होता त्याची ही काळजी असणार. सोपं उत्तर. पण भावना जुळेना. भाव पडला की मला संताप येतो, पोटात गोळा येतो. लाज वाटत नाही. म्हणून डावं पान पाहिलं. तिथे ती वर सांगितलेलीच ओळ होती, रात्री काकांकडे बैठक. कानबाईची बैठक. कानबाई म्हणजे आमच्याकडची श्रावणात बसवायची देवी. यंदा कानबाई कुणाच्या घरी बसवायची, रोटांच्या नैवेद्याचं कसं करायचं, हे सगळे भाऊबंद मिळून ठरवतात. त्या रात्री मी दोनदा काहीतरी सुचवलं आणि दोन्ही वेळा बोलणं माझ्या डोक्यावरून पुढे गेलं. घरी येऊन मी बायकोला म्हणालो होतो, जाऊ दे. आणि झोपलो होतो.

नोंद मोठ्याने वाचली तेव्हा तोंडातून आपसूक निघालं, "मनं काही वजनच नही." माझं त्या घरात काही वजनच नाही.

काटा शून्यावर का होता ते तेव्हा उमगलं. "वजन" हा शब्द मी दिवसातून वीस वेळा केळीसाठी वापरतो आणि वर्षातून एकदा माणसासाठी. झोपेतल्या मनाने दोन्ही एकाच काट्यावर ठेवले.

स्वप्न वाक्प्रचारांची चित्रं काढतं, हे मी तिथे शिकलो. पाय घसरणे, तोंड लपवणे, हात रिकामे राहणे, तोंडचं पाणी पळणे, कुणाला पाण्यात पाहणे. जागेपणी आपण हे नुसतं बोलतो, झोपेत ते समोर घडताना दिसतं. मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याचं स्वप्नांवरचं पुस्तक १८९९ च्या नोव्हेंबरात आलं, त्यावर साल छापलं होतं १९००. त्यातल्या कित्येक उकली जर्मन शब्दांच्या कोट्यांवर उभ्या आहेत, त्या दुसऱ्या भाषेत नेल्या की लंगडतात. मग माझ्या स्वप्नाची कोटी पुस्तकी मराठीत लिहून कशी सापडणार? तुमच्या घरात लेवा गणबोली असेल तर तिच्यात लिहा, पावरी, भिली असेल तर तिच्यात. शुद्धलेखन गेलं खड्ड्यात.

अर्थाकडे कसं जायचं

दुपारी दहा मिनिटं काढा. सकाळी अर्थ शोधू नका, सकाळी फक्त गोळा करायचं.

मी चार गोष्टी याच क्रमाने करतो. भावना काय होती आणि ती जागेपणी हल्ली कुठे आली होती, हे आधी. मग डावी पानं, कालचं आणि परवाचं, आणि तिथे काही जुळलं नाही तर पाच ते सात दिवसांपूर्वीची. दिवसातल्या गोष्टी स्वप्नात लगेच एक-दोन दिवसांत येतात किंवा मग आठवडाभराने पुन्हा डोकावतात, असं स्वप्नांच्या अभ्यासात दिसलं आहे. माझ्या वहीतही आठवड्याची उधारी बऱ्याचदा निघते. तिसरं, नोंद मोठ्याने, सावकाश, बोलीत वाचायची आणि कुठला वाक्प्रचार कानाला लागतो ते पाहायचं. चौथं, स्वप्नातल्या प्रत्येक ठळक वस्तूपुढे लिहायचं: मला हिचं काय?

हा चौथा प्रश्न स्वप्नफळांच्या पुस्तिकेला पर्याय आहे. सारंगखेड्याच्या यात्रेतून मीही एक घेतली होती. साप दिसला तर धनलाभ, दात पडला तर घरात मरण, स्वतःचं मरण पाहिलं तर आयुष्य वाढलं. साप दिसला की आमच्याकडे कुणी तरी हमखास विचारतं, कुळदेवीचा नवस राहिलाय का? असेलही. पण फवारणी करताना बांधावर घोणस पाहिलेल्या माणसाचा साप, सर्पमित्र पोराचा साप आणि नागपंचमीला माहेरी जाता न आलेल्या बाईचा साप हे एकच कसे असतील? पुस्तिकेला तुमचा बांध माहीत नाही.

आपल्याकडे याहून फार शहाणी वाटणी आहे आणि ती वहीत शिक्क्यासारखी वापरता येते. चरकसंहितेच्या इंद्रियस्थान या भागात स्वप्नांचे सात प्रकार सांगितलेत: दृष्ट, श्रुत, अनुभूत, प्रार्थित, कल्पित, भाविक आणि दोषज. पाहिलेलं, ऐकलेलं, अनुभवलेलं, मनातून हवं असलेलं, कल्पनेने रचलेलं, पुढचं सुचवणारं आणि शरीराच्या बिघाडातून आलेलं. पहिले पाच प्रकार वैद्याने निष्फळ समजावेत, असंही तिथेच म्हटलंय. म्हणजे बहुतांश स्वप्नं भविष्य सांगत नाहीत हे आपल्याच जुन्या वैद्यकाने मोकळेपणी लिहून ठेवलेलं आहे, आणि यात्रेतल्या पुस्तिकेने ते सोयीस्करपणे गाळलं.

प्रत्येक नोंदीच्या कोपऱ्यात मी यातलं एक अक्षर टाकतो. शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरचं बोलणं ऐकलं आणि रात्री ट्रॅक्टर दिसला: श्रु. मुलीला पुण्यात प्रवेश मिळाला: प्रा. ताप होता, भिंती अंगावर येत होत्या: दो. रात्री दहाला शेवभाजी दाबून खाल्ली आणि तीनदा जाग आली, त्याही वेळी दो. "भा" मी आठ वर्षांत चार वेळा टाकलं. त्यातलं एक खरं ठरलं, आणि त्याचीच गोष्ट पुढे येते.

महिन्यानंतर मोजणी

एकट्या स्वप्नावरून निष्कर्ष काढू नका. तीस पानं झाली की एका बैठकीत सगळी वाचा आणि मोजा. कॅल्विन हॉल आणि रॉबर्ट व्हॅन डी कॅसल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६६ साली स्वप्नं मोजायची रीतच घालून दिली: माणसं किती, ओळखीची किती, भांडणं किती, मदत किती, कोणत्या भावना. आपल्याला इतकं बारीक नको. चार रकाने आखा आणि मापारी पोत्यांच्या रेघा ओढतो तशा ओढा. कोण वारंवार येतं? जागा कोणती? भावना कोणती? मी काही करतो की नुसता बघत असतो?

वाईट भावनांच्या रेघा जास्त निघतील. घाबरू नका, बहुतेकांच्या निघतात. माझा धडा चौथ्या रकान्यात होता. पहिल्या वर्षात मी जवळपास सगळीकडे नुसता उभा होतो. आजी मात्र जिथे आली तिथे काहीतरी करत होती, बट्ट्या थापत, कपाशी वेचत, कुणाला तरी रागावत.

वाईट स्वप्नाची दुरुस्ती

झोप लागता लागता पडल्यासारखं होऊन दचकणं, हे स्वप्नापेक्षा स्नायूंचा झटका आहे. सोडून द्या. कधी जाग येते पण अंग हलत नाही, छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं. रेममधला स्नायूंचा सैलपणा जाग आल्यावरही काही क्षण रेंगाळला की असं होतं. थोड्या वेळात सुटतं. बोटं हलवायचा प्रयत्न करा आणि श्वास सावकाश घ्या. भगताकडे जायची गरज नाही, झोप पुरी करायची गरज आहे. उताणं झोपणाऱ्यांना आणि जागरण झालेल्यांना हे जास्त होतं.

तेच ते भीतीचं स्वप्न परत परत येत असेल तर एक रीत आहे, मानसोपचारातही ती वापरतात. दिवसाउजेडी स्वप्न लिहा. मग ते हवं तसं बदला, कुठूनही, कसंही. बदललेलं स्वप्न रोज दहा-वीस मिनिटं डोळ्यांपुढे आणा. जुन्या स्वप्नाची उजळणी करायची नाही, फक्त नव्याची. मला विहिरीचं यायचं: मोटार काढायला उतरलोय आणि वरून दोर सुटतो. मी बदलून असं लिहिलं की दोर सुटतो, पण विहिरीला आतून पायऱ्या निघतात आणि तिसऱ्या पायरीवर आजी बसलेली असते. "चाल वर, भाकर थंडी व्हयनी," म्हणते. तीन आठवडे हे घोकलं. विहीर अजून येते, वर्षातून एखादवेळा, पण दोर सुटत नाही. सुरुवात मात्र सगळ्यात भयंकर स्वप्नापासून करू नका, मधल्यापासून करा.

कुणाला सांगायचं

वाईट स्वप्न चारचौघांत सांगू नये ही आपल्याकडची जुनी रीत मी एकेकाळी हसण्यावारी न्यायचो. एकदा चुलतभाऊ गाडीवरून पडल्याचं स्वप्न चहाच्या टपरीवर रंगवून सांगितलं. आठ दिवसांनी तो खरंच घसरला, गुडघा खरचटला. काकू माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलली नाही. त्या वर्षीच्या वहीत त्याच चुलतभावाची आणखी अकरा स्वप्नं आहेत. एकात त्याने बंगला बांधला, एकात तो आमदार झाला. त्यातलं काही झालं नाही आणि त्याबद्दल मला कुणी विचारलंही नाही.

तेव्हा वहीत सगळं लिहा, बाहेर निवडक सांगा. दुसऱ्याचं स्वप्न ऐकलंत तर "याचा अर्थ असा" म्हणू नका. "हे मला पडलं असतं तर मला असं वाटलं असतं" म्हणा. वही कपाटात ठेवा आणि घरच्यांना सांगून ठेवा की ही वाचायची नाही. स्वप्नात माणूस वाटेल ते करतो, त्याचा जाब जागेपणी देत बसायची वेळ यायला नको.

वही पुरेशी नसते तेव्हा

झोपेत खरोखर लाथा मारणं, ओरडणं, खाटेवरून पडणं, विशेषतः पन्नाशीपुढे, हे डॉक्टरला दाखवायचं लक्षण आहे. एखादं नवं औषध सुरू झाल्यावर भयानक स्वप्नं लागली असतील तर तेही सांगा. रक्तदाबाची आणि नैराश्याची काही औषधं असं करतात. मनाने गोळी बंद करू नका. अपघात, घरातलं मरण, पिकाचं मोठं नुकसान यानंतर महिना उलटला तरी तेच दृश्य रोज येत असेल, झोपायचीच भीती वाटत असेल, तर वही मिटा आणि माणसाशी बोला. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ वर फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. वही लिहूनच मन जास्त गढूळ होतंय असं वाटलं तरी महिनाभर थांबवा. ती काही नवसाची नाही.

भरलेल्या वह्यांवर तारखा टाका आणि पत्र्याच्या पेटीत ठेवा. माझी तिसरी वही धान्याच्या कोठीमागे होती, तिची डावी पानं वाळवीने खाल्ली. उजवी तेवढी शाबूत आहेत: दीडशे रात्री, आणि त्यांच्या आधीचा एकही दिवस नाही.